घशातला गाळ

सोमवारी उठलो तेव्हा माझ्या टाचेवर चुन्याचा पांढरा पट्टा होता आणि मी पलंगावर अष्टमांश फिरलेला होतो. पायांकडची बाजू कुणीतरी वीतभर उचलली होती.

पट्टा ओळखीचा होता. इटलीतल्या फ्रान्चाकोर्ता भागात, एका तळघरात, मी तोच पट्टा बाटल्यांच्या बुडाला मारतो. इथली फेसाळ वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. मग बाटल्या मान खाली करून फळीत खोचायच्या, रोज अष्टमांश फिरवायच्या. गाळ मानेत उतरला की मान गोठवायची, टोपण उडवायचं, गाळ बाहेर. रिकामी जागा साखर घातलेल्या दुसऱ्या वाइनने भरायची. कोण किती फिरलं ते पट्ट्यावरून कळतं.

"तुलापण मारला का?" विश्रामने विचारलं. आम्ही दोघं दिंडोरीहून एकत्र आलो. त्याला गुरुवारी उघडला होता. आता तो इतका स्वच्छ झाला होता, की त्याच्या आरपार भिंतीवरचं घड्याळ वाचता येत होतं.

"दुखतं का रे?"

"छे. फक्त एक बाई रोज फोन करून रडते. म्हणते, मी तुमची बायको. चांगली आहे बिचारी, पण मला वेळ कुठाय? जुझेप्पिनाला फिरवायचं असतं."

"ही कोण?"

"माझी कुत्री. बारा वर्षांपूर्वी मेली."

विश्रामला इटलीत येऊन आठ महिने झाले होते.

मग मी रोज सकाळी स्वतःला अष्टमांश उलटा फिरवू लागलो. तिथेच चुकलो. उलटसुलट हलवलं की गाळ लवकर सुटतो, हे नव्या लोकांना मीच शिकवतो.

शनिवारी हर्षदाला, माझ्या बायकोला, फोन लावला. रिंग माझ्या घशात वाजली.

"अहो, इथे फार अडचण आहे," ती म्हणाली. "पाय पसरता येत नाहीत. तुम्ही जेवलात का?"

मी फोन बंद केला. ती बोलतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तळघराचा म्हातारा मुकादम एत्सियो आला. त्याने माझ्यामागे दिवा धरला आणि गळ्यात डोकावून पाहिलं.

"सुंदर. सगळं एका जागी आलंय."

"एत्सियो, ती माझी बायको आहे."

"सगळे हेच म्हणतात. तोंड भिंतीकडे ठेव, मागच्या वेळी माझा शर्ट गेला."

त्याने मला उलटा धरून गळ्यापर्यंत बर्फाळ खाऱ्या पाण्यात बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा जीभ हलत नव्हती. हनुवटीखाली टोपण काढायचा चिमटा अडकवून त्याने बोटाने माझ्या गळ्यावर दोनदा टकटक केली.

"अहो," आतून हर्षदा म्हणाली, "कुणीतरी दार वाजवतंय. उघडू का?"