द्वारकेची पिशवी

“एवढीच? दुपारभर करते काय ही?”

हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. पुष्करला वाटलं, तो मनातल्या मनात पुटपुटला. मी त्याच्या मागेच, सोफ्याच्या कडेला बसून त्याच्याच शर्टाचं बटण लावत होते. दोरा मी दातांनी तोडला, जरा जास्तच जोरात.

तक्रार डब्यातल्या पोळ्यांबद्दल असती तर तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण ही फुलांबद्दल होती. गेममधल्या.

पुष्कर, म्हणजे माझा नवरा, हिंजवडीला एका कंपनीत मॅनेजर आहे. विश्रांतवाडीहून हिंजवडी म्हणजे जाताना एक जन्म आणि येताना दुसरा, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस तो घरूनच काम करतो आणि उरलेल्या वेळात एक ऑनलाइन गेम खेळतो. पन्नाशीला टेकलेला माणूस. कुणाला रमी लागते, कुणाला गड चढायचं वेड लागतं, याला हा गेम लागला. त्यात याचा एक योद्धा आहे. आडवातिडवा, छातीपर्यंत दाढी, खांद्यावर कुऱ्हाड, नाव रणधीर. अशा योद्ध्यांची मिळून एक टोळी असते, तिला गिल्ड म्हणतात. दर शनिवारी संध्याकाळी सगळी टोळी जमून एखादा अवाढव्य राक्षस मारते, त्याला रेड म्हणतात. राक्षस मारायला अंगात ताकद हवी, ताकदीला काढे हवेत, आणि काढ्यांना फुलं. ज्याच्याकडे फुलं नाहीत त्यानं ती तिथल्या बाजारात सोनं मोजून घ्यायची. सोनं म्हणजे त्या गेममधला पैसा.

फुलं तोडायचं काम माझ्याकडे कसं आलं? बाकीची कामं आली तसंच. “मीटिंग आहे गं, पाच मिनिटं बसतेस का इथं? निळं फूल दिसलं की क्लिक करायचं.” बाईच्या गळ्यात कामं पडतात ती पाच-पाच मिनिटांचीच असतात. स्वयंपाकसुद्धा पहिल्यांदा कुणीतरी कुणाला पाच मिनिटं बघायला सांगितलं असणार.

तर मी दुपारी जेवणं आटोपली की एवढ्या दाढीवाल्या गड्याला रानात न्यायची आणि परडी घेतल्यासारखं फुलं तोडायला लावायची. त्याची कुऱ्हाड पाठीला, आणि हा वाकतोय निळ्या फुलासाठी. पहिले काही दिवस हसायला आलं. मग मी बाजार बघायला लागले.

माझ्या वडलांचा मार्केट यार्डात पालेभाजीचा गाळा होता. कोथिंबीर-मेथी. ते म्हणायचे, सगळ्यांचा माल येतो त्या दिवशी आपण घरी झोपावं. पुष्कर काय करायचा? रविवारी सगळा गाव रानडुकरं मारायचा तेव्हा हाही मारायचा, आणि सगळे सुळे विकायला आणायचे तेव्हा हाही आणायचा. मग भाव पडला म्हणून गेमला शिव्या. मी रविवारी काहीच विकलं नाही. उलट लोकांनी कंटाळून फेकलेली फुलं उचलली. शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी राक्षस मारायचा म्हणून सगळ्यांना काढ्यांची आठवण होते, तेव्हा बाजारात मांडली. तीही एकगठ्ठा नाही, छोट्या छोट्या जुड्या करून. घाईतला माणूस जुडीचा भाव विचारत नाही. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण बाजारातलं सगळं वाचून वाचून आलं. अडलं की स्पृहाला, आमच्या लेकीला, विचारायचं. ती कॉलेजातून आली की फोनवरची नजर न काढता सांगायची.

येणारं सोनं ठेवायला मी एक वेगळी बाई तयार केली. गेममध्ये तसं करता येतं, एकाच खात्यावर दुसरं माणूस. बुटकी, गोल चेहऱ्याची, कमरेला पिशवी. नाव द्वारका ठेवलं. का ते माहीत नाही, हिशोबाची वाटली. ती कुठं लढायला जात नाही. बाजाराच्या दारात उभी असते आणि पिशवी सांभाळते.

आणि हे सगळं मी एकटी करत नव्हते. सासूबाई, मंदाकिनीबाई, मी त्यांना आई म्हणते, सुरुवातीला म्हणायच्या, “कुणाच्या रानातली फुलं गं ही? मालक ओरडत नाही?” मग लसूण सोलायची ताटली घेऊन शेजारी खुर्चीवर बसायला लागल्या. मग म्हणायला लागल्या, “ए, ते दगडाआडचं राहिलं बघ.” चष्मा बदलून आल्यापासून तर माझ्याआधी त्यांनाच फूल दिसायचं. तेवढ्या दुपारी आम्ही दोघी जितकं बोललो तितकं लग्नाला इतकी वर्षं झाली त्यात बोललो नव्हतो.

तळ्याकाठचं घर त्यांनीच शोधलं. गेममध्ये मधूनमधून घरं विकायला काढतात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पहिला येईल त्याला. डोंगराच्या पायथ्याशी तळं, तळ्यावर एक लहानसं दगडी घर, पुढं अंगण. “तुळस लावता येईल का?” आईंनी विचारलं. मी शोधून काढलं, येते, तुळस नाही पण तसलंच एक झुडूप. “चालेल,” आई म्हणाल्या, जसं काही उद्या ट्रक बोलवायचाय.

हसू नका. आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत सासूसासरे, दुसरीत स्पृहाचा अभ्यास आणि नवऱ्याची मीटिंग आळीपाळीनं. मी हॉलमध्ये. ज्या घरात कुणी “चहा होईल का?” विचारणार नाही असं एक घर, भले ते काचेच्या आत असो, माझ्या नावावर होणार होतं. द्वारकेच्या नावावर, म्हणजे माझ्याच. पिशवीत पुरेसं सोनं साठलं होतं, वर थोडं झुडपापुरतं. पुष्करला सांगितलंही होतं. तो “हं” म्हणाला होता. मला वाटलं, हं म्हणजे हो.

गिल्डमध्ये त्याला ‘शेठ’ म्हणतात. समाधान नावाचा एक मुलगा आहे त्यांच्यात, वऱ्हाडातला, इथं हिंजवडीतच नोकरीला. गोड मुलगा, पण आवाज असा की हेडफोनमधून आमच्या स्वयंपाकघरात येतो. एकदा त्यानं विचारलं, “शेठ, एवढं सोनं जमते तरी कसं तुम्हाला? टिप्स द्या न राजेहो.”

आणि माझा नवरा, ज्यानं एक फूल तोडलं नव्हतं, म्हणाला, “पेशन्स लागतो रे.”

मी तेव्हा कणीक मळत होते. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या.

तर तो शनिवार. घरं चार वाजता विकायला निघणार होती. मी सकाळपासून फुलांना हात लावला नव्हता, म्हणून ती सुरुवातीची तक्रार. साडेतीनच्या सुमाराला पुष्कर दाढी करायला उठला. मी खुर्चीत बसले, आई ताटली घेऊन शेजारी. द्वारका बाजाराच्या दारात नेहमीसारखी उभी. मी पिशवी उघडली.

पिशवीत सात नाणी होती.

“नीट बघ,” आई म्हणाल्या. “दुसऱ्या कप्प्यात असतील.”

दुसरा कप्पा नसतो. मी रणधीरला उघडलं. आमचा दाढीवाला एका सिंहावर बसला होता. पांढरा सिंह, त्याला हे मोठे सोनेरी पंख. देवांना वाहनं असतात ते ठाऊक होतं. फुलं तोडणाऱ्यांना असतात ते नव्हतं ठाऊक.

“अहो,” मी हाक मारली. “द्वारकेचं सोनं कुठंय?”

पुष्कर अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आला. “ते होय? ते रणधीरकडे घेतलं.”

“घेतलं म्हणजे?”

“म्हणजे वळतं केलं. काल रात्री. सिंह दोनच दिवस सेलवर होता गं. परत कधी येईल सांगता येत नाही.”

“घर आज चार वाजता आहे.”

“घर काय, पुन्हा येईल की.”

“सिंह परत येत नाही, आणि घर येतं? कुठं वाचलंत?”

“दीपमाला, समजून घे. सगळे रेडला चालत येतात. आपण उडत गेलो की एक इम्प्रेशन पडतं. गिल्डचा मीच तर—”

“तुम्हीच तर काय?”

त्यानं गालावरचा साबण पुसला. तो खोटारडा नाही एवढं मी म्हणेन. तो फक्त सवयीचा माणूस आहे. डब्यात पोळी असते, कपाटात इस्त्रीचा शर्ट असतो, पिशवीत सोनं असतं. कुठून येतं ते बघायची वेळच त्याच्यावर आलेली नाही.

“एका दिवसाच्या आत तो सिंह परत घेतात,” मी म्हटलं. “पूर्ण सोनं मिळतं. मी नियम वाचलेत. अजून वेळ आहे. द्या परत.”

“आता? समाधाननं ग्रुपवर फोटो टाकलाय. सगळ्यांनी अभिनंदन केलंय.”

“अरे, मग त्यांना म्हणावं, सिंहाला पोरं झालीत, माहेरी गेलाय!”

सासूसासऱ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते. हा अरे हॉलभर घुमला. पेपरमागून सासरे बाहेर आले. यज्ञेश्वरराव, सरकारी कचेरीतून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘त्रुटी’ लिहिली, अजून सवय गेली नाही.

“सूनबाई, खोट्या सोन्यावरून खरं भांडण? वा.”

“खोटंच आहे ना बाबा? मग परत द्यायला यांच्या बापाचं काय जातंय?”

हे बोलून झाल्यावर लक्षात आलं की बाप समोरच बसलाय. आई खाली ताटलीत बघत होत्या. त्यांचे खांदे हलले का, मला नीट दिसलं नाही.

आवाज ऐकून स्पृहा आली. तिनं फोन खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. “बाबा, दिस इज सो नॉट ओके.”

“थँक यू,” मी म्हटलं.

“पण आई, टेक्निकली अकाउंट बाबांचं आहे ना. सो ते सोनं, लाइक, शेअर्डच होतं.”

“फुलं शेअर्ड तोडली का?”

“तसं नाही गं. मी फक्त म्हणतेय की त्यांनी... म्हणजे विचारायला हवं होतं, एवढंच.”

एवढंच. बघा कसे सगळे एकेक मऊ शब्द शोधून आणत होते. घेतलं. वळतं केलं. शेअर्ड होतं. जसं सोन्याला पाय होते आणि ते आपल्या मनानं एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत गेलं. खरा शब्द माझ्याही जिभेपर्यंत आला होता. येत होता आणि दातांशी थांबत होता. रस्त्यावर कुणी पर्स ओढली असती तर तोच शब्द मी अख्ख्या आळंदी रस्त्याला ऐकवला असता. पण समोर उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला तो लावायचा म्हणजे मग रात्री त्याला भात कसा वाढायचा, हा हिशोब बायकांच्या डोक्यात आधी सुरू होतो. त्या हिशोबाचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. सिंहापेक्षाही.

“द्या तो परत,” मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज फाटला. “मला घर हवंय.”

“अगं, घर घर काय? या घरात काय कमी आहे तुला?” पुष्कर म्हणाला, आणि असं बोलल्यावर आपण जिंकलो असं त्याला वाटलं असावं, कारण तो दाढी पुरी करायला वळला.

सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. त्यांना आता समारोप करायचा होता.

“हे बघा सूनबाई. संसारात माझं-तुझं नसतं. हा फ्लॅट घेतला तेव्हा पैसे कमी पडत होते. हिच्या पाटल्या मोडल्या मी. चार पाटल्या, तिच्या आईनं घातलेल्या.” त्यांनी सासूबाईंकडे कौतुकानं हात केला. “बोलली ती कधी? एक शब्द? हसत दिल्या हिनं. विचारा.”

पाटल्यांची गोष्ट या घरात मला पाठ होती. वास्तुशांतीच्या आठवणी निघाल्या की ती निघायचीच, दरवेळी ‘हसत दिल्या’वर संपायची, आणि सगळे माना डोलवायचे. मीही डोलवलेली आहे. आई त्या वेळी हमखास उठून पाणी आणायला जायच्या.

आज त्या उठल्या नाहीत. त्यांनी सोललेल्या लसणाची ताटली संगणकाच्या शेजारी ठेवली, पदराला हात पुसले. पुष्कर बेसिनपाशीच थांबला, हातात रेझर तसाच.

“मी दिल्या नाहीत,” आई म्हणाल्या.

“मंदा, आता ते—”

“मी तेव्हा इथं नव्हतेच. माहेरी होते, भावाच्या लग्नाला. परत आले तर कपाटात डबा होता आणि डब्यात काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, घरासाठी. माझ्या सासूबाई म्हणाल्या, घरासाठी. माझी आई म्हणाली, घरासाठीच गेलं ना, मग गप्प बस. बसले गप्प. हसले कधी ते मला आठवत नाही, तुम्हाला आठवत असेल.”

सासऱ्यांनी पेपर उचलला, पण उघडला नाही.

“ती चोरी होती,” आई म्हणाल्या, आणि पुष्करकडे वळल्या. “आणि तू काल केलीस तीही चोरीच.”