थापांची वही

मी वही बोलतेय. पाढे नि सुविचार सांभाळणारी शहाणी वही मी नव्हे. थापा कशा माराव्यात, याचे नियम माझ्यात लिहिलेले आहेत.

एका शिंप्याच्या लेकीने मला लिहिलं. तिने एक खेळ रचला होता. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, ती गोष्ट सांगणार आणि पुढे काय घडतं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. लढाईचे नियम तिने चार पानांत उरकले. ‘थापा आणि हातचलाखी’ला मात्र माझी अकरा पानं लागली. थाप मोघम चालणार नाही, तोंडाने पूर्ण बोलून दाखवायची. मग फासा टाकायचा. ऐकणाऱ्यातर्फे संशयाचा फासा पडणार. ज्याचा आकडा मोठा, त्याची सरशी. थापेत थोडं खरं मिसळलं तर दोन गुण जास्त. तीच थाप त्याच माणसाला पुन्हा मारली तर पाच कमी. आणि खाली लाल शाईत: थापा पात्राने मारायच्या, खेळणाऱ्याने नाही.

रविवारी दुपारी दुकान बंद असलं की कापड बेतायच्या टेबलावर खेळ रंगायचा. खेळणारे दोघे: शिंपी आणि शेजारचा न्हावी, त्याचा जुना दोस्त. लेकीने मुद्दामच वडिलांना ठग केलं. हा माणूस गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, “या रंगात तुम्ही आजारी दिसता.”

पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं.

“बाबा, काय सांगाल त्याला?”

शिंप्याने बराच विचार केला. “सांगेन, चोरी करायला आलोय. पण लवकर आटपू.”

न्हावी हसता हसता स्टुलावरून घसरला.

पण शिंपी शिकला. दोन महिन्यांनी तो पहारेकऱ्याला बजावत होता, “मी राजेसाहेबांचा शिंपी. त्यांची विजार उसवलीय. मला अडवलंत तर दरबारात ते उभे का राहत नाहीत, हे लोकांना तुम्हीच समजावा.” लेकीने खूश होऊन दोन गुण वाढवले.

मग एका रविवारी फासा पडला आणि शिंपी म्हणाला, “सोळा.”

न्हावी वाकला. “सोळा कुठले? सहा आहेत.”

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी न्हाव्याने फासा उचलून आपटला. “अरे, खेळात लबाडी? तीही माझ्याशी?”

शिंपी म्हणाला, “केली लबाडी. ठग ना मी.”

न्हावी चपला घालून निघून गेला. लेकीने मला मिटलं. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली होती, महिनाअखेर निघायचं होतं. जाता जाता वडिलांचं असं रूप बघायला मिळेल, असं तिला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ट्रंकेत टाकायला उचललं आणि सहज मागची पानं चाळली. प्रत्येक डावाची नोंद ती तिथे ठेवायची. एका ओळीवर तिचं बोट थांबलं: ‘बाबा अठराला आठ म्हणाले. सुधारलं.’ त्याच्या वर, ‘बाराला दोन म्हणाले.’ स्वतःचंच नुकसान करणारा लबाड कुठे असतो?

ती मला घेऊन दुकानात गेली. शिंपी खिडकीशी सुईत दोरा ओवत होता. दोरा सुईच्या शेजारून जात होता. एकदा, दोनदा, पाचव्यांदाही.

“बाबा, ती थाप ठगाची होती की तुमची?”

त्याने सुई खाली ठेवली. “डावा डोळा वर्षभर धूसर आहे. आता उजवाही. तुला सांगितलं असतं तर तू नोकरीवर पाणी सोडलं असतंस.”

“मग लबाड म्हणवून घेतलंत?”

“ते स्वस्तात पडलं गं.”

तिने त्याला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधांनी टिकेल. अजून सहा महिने थांबला असतात तर काठीच घ्यावी लागली असती. हे कळल्यावर न्हावी वस्तरा, साबण घेऊन दुकानात आला. “बस, दाढी करतो,” एवढंच म्हणाला. फेसातून शिंपी पुटपुटला, “खरं सांगू? जन्मात पहिल्यांदा कुणी लबाड म्हणालं. जरा बरंच वाटलं.”

लेक नोकरीवर गेली. जाताना मला ट्रंकेत न घालता टेबलावर ठेवून गेली. आता शिंपी फक्त कापड बेततो, शिवायला माणूस ठेवलाय. माझी शिवण सैल झालीय, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे वळलेत. पण रविवार चुकत नाही. गोष्ट न्हावी सांगतो, शिंपी फासा टाकतो आणि आकडा न्हावीच वाचतो.

परवा तो मोठ्याने म्हणाला, “सतरा! सुटलास लेका!”

मी फाशाच्या शेजारीच होते. तेरा पडले होते.

शिंप्याला कळलं की नाही, कोण जाणे. तो खुशीत पुढची थाप जुळवायला लागला. मी गप्प बसले. माझी एवढीच विनंती आहे, तुम्हीही बोलू नका.