फोनला सांगितलं न्हाई ते

खजुरीत कुणाचं काही दुखलं की माझ्याकडं यायचे. "मंजुश्री अक्का, फोनमधी बघा की." मी डी.एड. झालेली, शाळेत मास्तरीण. बघायची, आन् तोऱ्यात सांगायची. लई आवडायचं मला ते, खोटं कामून बोलू?

त्या दिवशी दुपारी माझा धाकटा भाऊ व्यंकट शेतातनं आला आन् ओसरीवर आडवाच झाला. घामानं निथळायलता, दोनदा ओकला. त्याची बायको रेणुका म्हणाली, "अक्का, जीप बघते. आळंदला न्हेऊ."

"थांब गं! उगं कामून घाबरायलीस?" मी खेकसले. घाम, उलटी, चक्कर, सगळं फोनमधी घातलं. फोन म्हणाला, ऊन लागलंय. ऑक्टोबरचं ऊन कडक होतंच, मला पटलं. लिंबूपाणी पाजलं, ओला पंचा टाकला. तोंडातनं लाळ गळायला लागली, तर लाळ कामून गळते ते वाचत बसले. रेणुका दोनदा दारापर्यंत गेली. दोन्ही बारीला मीच तिला माघारी बोलावलं.

त्याचे हातपाय थरथरायला लागले तवा कुठं जीप आणली. आळंदच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यात बॅटरी मारली आन् एकच विचारलं, "आज शेतात काय करत होता?"

"तुरीला फवारणी," रेणुका म्हणाली. "पंप गळायलता. पाठ भिजली होती सगळी."

अरे देवा! मला ठाऊक होतं की. सकाळी औषध कालवताना मीच त्याला बघितलं होतं. पण फवारणी काय आजार हाय व्हय? तुरीच्या दिवसात सगळं गाव पंप पाठीला मारून फिरतंय. ते फोनमधी घालायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

फवारणीचं विष अंगात भिनलं होतं. इंजेक्शनं दिली, गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाटेतच गेला माझा व्यंकट. नंतर आळंदचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन घंटे आधी आणलं असतं तर वाचला असता, बाई."

रेणुकाला हे ठाऊक न्हाई. तेराव्याला पाहुण्यांना सांगायलती, "अक्कांनी लई केलं ओ ह्यांच्यासाठी. दोन घंटे फोन हातातनं खाली ठेवला न्हाई." पाहुण्यांतल्या पार्वती मावशीनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला खरं सांगायचं रोज सकाळी ठरवते. ती चहा आणून देते, "अक्का, घ्या" म्हणते. तिचं मोकळं कपाळ बघितलं की माझी जीभच उचलत न्हाई.