चौदाव्या खोलीचा समास

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी नॉर्ब झास्ट्रोनं सांगून टाकलं, की आता त्याच्याच्यानं होत नाही. आम्ही चौघं त्याच्या घराच्या तळघरात, नेहमीच्या टेबलाभोवती बसलो होतो. ड्वेननं डेअरीतून ताज्या चीजचे तुकडे आणले होते, दाताखाली कुईकुई वाजणारे. ते खाणं एकदम थांबलं.

"डोळे," नॉर्ब म्हणाला. "कडेचं दिसतं, समोरचं नाही. ड्वेनचं टक्कल दिसतं, पण त्याच्याकडे बघितलं की दिसत नाही."

"नशीबवान आहेस," ड्वेन म्हणाला. ड्वेन खाटीक आहे. त्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा त्याला उलट बोलायला घाबरतात, पण नॉर्बपुढे तो मान खाली घालून बसतो.

आमचा खेळ तसा साधा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं: चोर, शिपाई, मांत्रिक, काहीही. दाराआड काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधारापुढे, म्हणजे नॉर्बपुढे, एक उभा पुठ्ठा असतो आणि त्यामागे त्याचं पुस्तक. पुठ्ठ्याआड डोकावायचं नाही, हा पहिला नियम. एकतीस वर्षं मी नॉर्बच्या डाव्या हाताला, त्या पुस्तकापासून दोन फुटांवर बसत आले. कधी डोकावले नाही. माझं काम नकाशा काढण्याचं. नॉर्ब सांगेल तशी एकेक खोली मी चौकटीच्या कागदावर उतरवते, फुटाला फूट जुळवून.

"तर पुढच्या महिन्यापासून," नॉर्ब म्हणाला, "ही खुर्ची ब्रिनची."

ब्रिन कुबियाक सत्तावीस वर्षांची. शाळेची बस चालवते. आमच्यात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. ती म्हणाली, "म्हातारबा, चेष्टा करतोस काय?" आणि रडायलाच लागली. नॉर्बला मी एकतीस वर्षांत कधी म्हातारा म्हटलं नव्हतं. त्याला ते आवडतं हे मला माहीतही नव्हतं.

"आणि मार्लिस," नॉर्ब माझ्याकडे वळला. म्हणजे मान थोडी वाकडी केली, मी कडेला दिसावी म्हणून. "तुझ्यासाठी ते दुसरं पुस्तक."

'पाणचक्कीखालची भुयारं' हे बत्तीस पानी पुस्तक आमच्याच गावातल्या एका हौशी छापखान्यानं १९७८ साली काढलं. चारशे प्रती निघाल्या, आज वीसही शिल्लक नसतील. नॉर्बकडे दोन आहेत. एक तो पुठ्ठ्यामागे ठेवून खेळ चालवतो. दुसरी पिशवीतून कधी बाहेरच आली नाही. तिच्या किमतीत जुनी गाडी येईल.

"मार्लिसला लॉटरी लागली की गं!" ड्वेन म्हणाला.

मी हसले. आभार मानले. घरी जाईपर्यंत चेहरा तसाच ठेवला.

माझ्याकडे अशी चारशे बारा पुस्तकं आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र पारदर्शक पिशवी, पाठीला आम्लरहित पुठ्ठा, खोलीतली आर्द्रता पंचेचाळीस टक्के. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी लॅबमध्ये आहे, मोजमाप माझ्या हाडात आहे. लोकांना वाटतं, हिला कोरी प्रत मिळाली, हिला आणखी काय हवं? नॉर्बलाही तेच वाटलं असणार. खुर्ची मागावी असं माझ्या कधी मनात आलं नाही, कारण ती मागायची वस्तू आहे हेच मला सुचलं नव्हतं. ती आपोआप माझ्याकडे येईल, असं मी धरून चालले होते.

निघताना नॉर्बनं ती वापरातली प्रत माझ्या हातात दिली. "पिना गंजल्यात, कव्हर सुटलंय. ब्रिनला द्यायच्या आधी जरा ठीकठाक करशील? तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून मी ती उघडली. गंजलेल्या पिना काढल्या, घडीवर पातळ कागदाची पट्टी चिकटवली, वजन ठेवलं. गोंद सुकायला चाळीस मिनिटं लागतात. त्या चाळीस मिनिटांत मी पहिल्यांदा समास वाचले.

नॉर्बच्या टेबलावर एक रीत आहे. इतर ठिकाणी एक टोळी भुयारातून गेली की पुढच्या टोळीसाठी सगळं पूर्ववत होतं, मेलेले राक्षस उठतात, फोडलेली दारं बंद होतात. नॉर्बकडे नाही. तिथं जे घडलं ते घडलं. कुणी भिंत पाडली तर ती वीस वर्षांनंतरही पडलेलीच असते. हे त्याच्या लक्षात कसं राहतं याचं मला नवल वाटायचं. आता कळलं. प्रत्येक खोलीशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: नाव, तारीख, काय केलं. अक्षर बारीक आणि दाबून लिहिलेलं; नॉर्ब शाळेत सुतारकाम शिकवायचा, त्या मास्तरचं.

मी मोजलं. मोजायला नको होतं, पण मोजलं. एकतीस वर्षांत माझं नाव नऊ वेळा होतं. ब्रिनचं दोन वर्षांत तेवीस वेळा.

माझ्या नोंदी अशा होत्या: 'मार्लिस. दोर तपासला. मजबूत.' 'मार्लिस. पाणी प्यायच्या आधी हुंगलं. बरोबर.' 'मार्लिस. पूल मोजून मग ओलांडला.' ब्रिनच्या नोंदींपुढे उद्गारचिन्हं होती. 'ब्रिन. दारानं न जाता धुराड्यातून उतरली!' 'ब्रिन. राक्षसाला त्याच्या आईबद्दल विचारलं! तो रडला!'

मग चौदावी खोली आली. छापील मजकूर एवढाच: 'रिकामी खोली. धूळ.' आणि समासात, वरून खालपर्यंत:

'ब्रिन. मेलेल्या ओस्विनचा कंदील इथं फरशीखाली पुरला. तो इथंच राहील. इतक्या वर्षांत या टेबलावर याहून सुंदर काही घडलं नाही.'

तो शनिवार मला आठवत होता. ओस्विन म्हणजे ब्रिनचं पहिलं पात्र, एक बुटका खाणकामगार. तो आदल्या आठवड्यात मेला होता. दुसरं पात्र घेऊन ती आली आणि सगळ्यांना थांबवून तिनं त्याचा कंदील पुरला. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मीही बोलले नव्हते, कारण मी खोलीची लांबी लिहून घेत होते. वीस फूट बाय तीस.

याहून सुंदर काही घडलं नाही. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या थंडीत, रस्ते बंद असताना, मी चार मैल बर्फातून चालत त्या टेबलाशी आले होते. ते सुंदर नव्हतं बहुतेक. मजबूत होतं.

जुनी पुस्तकं विकत घेतली की आधीच्या मालकाची पेन्सिल पुसणं हे आमच्यासारख्यांचं रोजचं काम. मऊ खोडरबर घ्यायचं, बोटांत मळून त्याला टोक काढायचं, एकाच दिशेनं हलकं फिरवायचं, घासायचं नाही. माझा हात त्यात तयार आहे. चार मिनिटं लागली. भुगा ब्रशनं झाडला. समास कोरा झाला. संग्राहकाच्या भाषेत मी त्या पानाचा दर्जा वाढवला होता.

तोवर गोंद सुकला होता, म्हणून मी नव्या पिना मारल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रिन पुठ्ठ्यामागे बसली. नॉर्ब आता आमच्या बाजूला, माझ्या खुर्चीच्या शेजारी. त्यानं नवं पात्र आणलं होतं, एक म्हातारा भिक्षेकरी, नि ते पात्र बोलताना तो नाकातून आवाज काढत होता. तो इतका खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ब्रिन चांगलं चालवत होती. तेही मी मोजत होते. अडखळली तीनदा, तिन्ही वेळा हसून सावरली.

"पुढं तीन वाटा फुटतात," ब्रिन म्हणाली. "कुठली घेणार?"

"मार्लिस, तुझ्या नकाशावर ती लांब खोली कुठंय?" नॉर्बनं विचारलं. "वीस बाय तीसची."

मी बोट ठेवलं.

"तिकडं. माझा भिक्षेकरी तिकडं जाणार. त्याला गावात कुणीतरी सांगितलंय."

"काय सांगितलंय रे?" ड्वेन म्हणाला. "फुकट सूप मिळतं म्हणून?"

"गप बस, खाटका. ब्रिन, मी आत आलोय. गुडघ्यावर बसतो, फरशी चाचपतो. काय सापडतं?"

ब्रिननं पान उलटलं. "चौदा... रिकामी खोली. धूळ."

नॉर्ब हसला. "हो, ते छापलेलं. समासात वाच."

"समासात काही नाही, नॉर्ब."

"नीट बघ. उजवीकडे. सगळा भरलेला आहे."

"कोरा आहे रे. खरंच."

नॉर्बनं हात पुढं केला, पुस्तक मागितलं, मग मागं घेतला. त्याला दिसणारच नव्हतं. त्याचा अंगठा फाशाच्या कडांवरून फिरत राहिला.

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या कंदिलाबद्दल. तू पहिल्यांदा चालवशील तेव्हा मी जाऊन तो काढायचा आणि समासातलं ते तुझ्याच तोंडून तुला ऐकवायचं, असं मनात ठरवलं होतं."

"मी शोधलं होतं," ब्रिन हळूच म्हणाली. "पुस्तक मिळाल्या मिळाल्या सगळं चाळलं. कुठंच नव्हतं. मला वाटलं, तेवढं लिहून ठेवण्यासारखं नसेल."

"तसं नाही पोरी. मी लिहिलं. म्हणजे..." तो थांबला. "लिहिलं असं वाटतंय. डोळ्यांचं ठीक आहे, त्याला डॉक्टरनं नाव दिलंय. डोकंही चाललं म्हणायचं आता."

त्यानं फासा टेबलावर ठेवून दिला. टाकला नाही, ठेवला. "माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "केलेलं आणि न केलेलं यांतला फरक जायला लागला."



मी गप्प राहिले तर कुणालाच कळणार नव्हतं. हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण तो विचार मी केला, आणि तो पूर्ण करायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी गप्प बसले.

"तू लिहिलं होतंस," मी म्हणाले. "मी पुसलं."

मग ड्वेननं मला वाट काढून दिली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. "सवयीनं पुसलं असेल! हिच्या हातात किराणामालाची पावती द्या, तीसुद्धा पुसून पिशवीत घालेल."

"हो ना," ब्रिन लगेच म्हणाली. "दुरुस्त करता करता झालं असणार."

"नाही," मी म्हणाले. "तुझ्या नावाच्या आणखी बावीस नोंदी तशाच आहेत. मोजून बघ. एवढी एकच पुसली."

नॉर्बनं मान वाकडी केली, मला कडेला आणलं. "का?"

मी ब्रिनकडून पुस्तक मागून घेतलं. पुस्तकं तपासायचा छोटा टॉर्च माझ्या खिशात असतो. तो पानाच्या अगदी कडेला आडवा धरला. पेन्सिलीत शाई नसते, तिचं काळं निघून जातं, पण दाबून लिहिणाऱ्याची खाच कागदात राहते. तिरप्या उजेडात सगळी अक्षरं वर आली. मी मोठ्यानं वाचलं. ब्रिन. ओस्विनचा कंदील. तो इथंच राहील. आणि शेवटचं वाक्यही वाचलं, एकही शब्द न गाळता.

ब्रिननं ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि माझ्या तोंडून. तिचा चेहरा मी पाहिला नाही. मी नॉर्बचा पाहिला. त्यानं श्वास सोडला.

"म्हणजे डोकं शाबूत आहे," तो म्हणाला.

"तुझं आहे," ड्वेन म्हणाला.

नॉर्ब माझ्याशी काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही त्या विषयावर नाही. त्यानं फासा पुन्हा उचलला. "सूत्रधार, मी अजून गुडघ्यावर आहे. या वयात फार वेळ बसवत नाही."

"थांब जरा, म्हातारबा." ब्रिननं पुठ्ठ्यामागून पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे धरली. नॉर्बचीच, सुतारी, चपटी, चाकूनं टोक केलेली. "आधी हे परत लिही. आणि शेवटची ओळ विसरू नकोस हं. तीच तर मला हवीय."

तिच्या आवाजात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. मी पेन्सिल घेतली. ड्वेननं न सांगताच टॉर्च धरला, तोही नीट तिरपा.

मी वरून सुरुवात केली. टोक खाचेत आपोआप बसत होतं. तिथं माझं अक्षर चालणार नव्हतं. नॉर्बच्या आडव्या रेघा, नॉर्बची वळणं, 'सुंदर' या शब्दावर त्यानं जास्त दिलेला दाब, सगळं जसंच्या तसं माझ्या हाताखालून जात होतं. हात किंचित जरी बाजूला गेला असता तरी दुहेरी रेघ उमटली असती आणि पान कायमचं खराब झालं असतं.

हात बाजूला गेला नाही.