चिंचपोकळीच्या जिन्यावरून कोहिमाला

तळमजला

मी एक जुना लाकडी जिना आहे, आणि मित्रांनो, सध्या माझ्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांना नुसती प्रवासाची घाई झाली आहे! मी स्वतः कुठे जाणार नाही म्हणा. चिंचपोकळीच्या या चार मजली चाळीला मी पक्का जडलेला आहे. पण निघायची सगळी तयारी माझ्यावरच चालली आहे.

माझं लाकूड ब्रह्मदेशचं, सागाचं. शंभर वर्षांपूर्वी बोटीतून माझगावच्या धक्क्यावर उतरलो आणि बैलगाडीतून इथे आलो. सुतारांनी तासलं, घासलं, तेल पाजलं. भोंगा झाला की गिरणीची माणसं धडधडत माझ्यावरून उतरायची. "जिना असावा तर असा," म्हणायची. बेचाळीस साली चौथ्या मजल्यावरचा भिवा फौजेत भरती झाला. पुढच्या वर्षी महिनाभर सुट्टीवर आला. सुट्टी संपली, बूट वाजवत खाली उतरला आणि

पहिला मजला

पुन्हा चढला नाही.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली. जपानी फौज ब्रह्मदेशातून नागांच्या डोंगरात घुसली होती. तिथे कोहिमा गावाजवळ, खेचरांवरून सैनिकांना पाणी पोचवताना भिवा पडला. मी ज्या बाजूने आलो होतो, त्याच बाजूला तो गेला होता. त्याची मुलगी राधा तेव्हा चार महिन्यांची होती.

त्याच राधाबाई आज एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. कॉटन ग्रीनच्या गोदामात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. अजून चौथ्या मजल्यावरच राहतात. बापाचं तोंड पाहिलं नाही, फोटोही नाही. निदान तो पडला ती जागा तरी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा आहे.

आणि मी? तीन वर्षांपूर्वी चाळीला बाहेरून लिफ्ट बसली. त्या दिवसापासून मला कोणी विचारेना. माझ्यावर पिंपं आली, सायकली आल्या, गणपतीच्या मखराचे सांगाडे आले. दुसऱ्या मजल्यावरच्या मयूरने तर आपल्या दुकानाचे खोके माझ्यावर थेट

दुसरा मजला

इथपर्यंत रचले. सांभाळून या. इथली एक फळी हलते.

माझ्या सर्वांत वरच्या पायऱ्या तेवढ्या मोकळ्या होत्या. तिथे वारा येतो म्हणून राधाबाई, त्यांचा मुलगा संघर्ष आणि सून प्रिती रोज संध्याकाळी येऊन बसत. मांडीवर नकाशा, हातात मोबाईल. मी कान टवकारून ऐकत असे.

"मुंबईहून विमानाने दिमापूर," संघर्ष म्हणे. "पुढे गाडी. तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगू. तिथल्या लष्करी दफनभूमीत खालच्या रांगांमधून फिरवतो तुला, आजोबांची कबर शोधू."

"फुलं कुठली न्यायची?" राधाबाई विचारत. "तिकडे झेंडू मिळतो का रे?"

मग एक दिवस त्या दफनभूमीची देखरेख करणाऱ्यांचं पत्र मोबाईलवर आलं. प्रितीने मोठ्याने वाचलं. भिवाची कबर नव्हतीच. हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला होता. त्यांची नावं एका स्मारकावर कोरली होती. भिवाचंही होतं. आणि ते स्मारक होतं टेकडीच्या सर्वांत उंच टोकाला.

चूक घरचीच होती. त्या काळी गावाकडे त्यांच्यात पुरण्याचीच रीत होती, म्हणून सगळे कबर धरून चालले होते. घराने बौद्ध धम्म स्वीकारला तो छप्पन साली. भिवाच्या कागदावर धर्म हिंदूच लिहिलेला असणार, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

 राधाबाई म्हणाल्या, "गावात आपल्याला सरणाला लाकडं मिळत नव्हती. बापासाठी फौजेने रचलं म्हणायचं."

"आई, पण वर नुसत्या पायऱ्या आहेत," संघर्ष म्हणाला. "मी नि प्रिती जाऊन येतो. तुला व्हिडिओ कॉल लावतो ना."

"बापाला व्हिडिओवर भेटू?"

प्रिती परळच्या इस्पितळात नर्स आहे. तिने मधला मार्ग काढला. "आई, येता महिनाभर सराव करा. शेवटच्या रविवारी आपला जिना न बसता चढलात, तर तीन तिकिटं. नाहीतर दोनच. चालेल तुम्हाला?"

मित्रांनो, आपला जिना! म्हणजे मी!

दुसऱ्या दिवशी सकाळीच राधाबाईंनी मयूरचं दार ठोठावलं. "ए मयूर, खोके उचल तुझे."

"मावशी, लिफ्ट आहे ना! नवी कोरी."

"कोहिमाच्या टेकडीला लावलीय का तुझ्या लिफ्टवाल्याने?"

मयूर हसला. खोके त्याने उचललेच, वर हलणारी फळीही ठोकून दिली. तीन वर्षांनी कोणीतरी मला हात लावला! पहिल्या आठवड्यात राधाबाई एक मजला चढल्या आणि खाली बसल्या. दुसऱ्या आठवड्यात दोन. पोरं मोठमोठ्याने पायऱ्या मोजू लागली. कोणी लिंबूपाणी आणलं, कोणी शिट्टी. आणि शेवटचा रविवार उजाडला तेव्हा

तिसरा मजला

अख्खी चाळ कठड्याला लोंबकळत होती.

राधाबाईंनी पदर खोचला. कठडा उजव्या हातात. बावीस. चव्वेचाळीस. तिसऱ्या मजल्यावर श्वास भरून आला. त्या उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. प्रितीने नाडी बघितली.

"मावशी, लिफ्ट बोलावू?" मयूर म्हणाला.

"तू गप रे. बोलायला लावून दम घालवतोस माझा."

शहाहत्तर. सत्त्याहत्तर. माझी एकही फळी करकरली नाही. शप्पथ.

चौथा मजला

अठ्ठ्याऐंशी!

शिट्ट्या, टाळ्या! संघर्षने डोळे पुसले आणि मोबाईल काढला. "आई, लगेच तिकिटं काढतो."

"थांब."

"आता काय? चढलीस की!"

"ती टेकडी चढला तर माझा बापही होता," राधाबाई म्हणाल्या. "उतरायचा राहिला. मी उतरून दाखवते, मग काढ."

तिसरा मजला

उजवा पाय आधी. मग डावा. आता कोणी मोजत नव्हतं.

दुसरा मजला

संघर्ष दोन पायऱ्या पुढे, आईकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उतरत होता. त्याने हात लावला नाही. त्यांनी मागितला नाही.

पहिला मजला

इथे गुडघा अडला. 

त्या थांबल्या आहेत तोवर तुमच्याशी बोलून घेतो. मित्रांनो, तुमच्याही इमारतीत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावरची अडगळ काढा. सुटलेली फळी ठोका. कठड्यावर एकदा फडकं मारा. तुमच्या शेजारच्या दारातल्या माणसाला कुठवर चढायचं आहे, हे त्याने सांगेपर्यंत कळत नाही. आणि पुष्कळजण सांगतच नाहीत.

थांबा. गुडघा वाकला.

तळमजला

राधाबाईंनी शेवटच्या पायरीवरून पाय खाली फरशीवर टेकला. मागचाही आणला. मग संघर्षकडे बघितलं.

"काढ," त्या म्हणाल्या. "तिघांची. जायची आणि यायची."