बिनगाठीचा दोरा

"टोचलं तरी हूं नाही की चूं नाही. आमची सून म्हणजे बिनगाठीचा दोरा! ओढला की सुळ्ळकन बाहेर. धरून म्हणून काही ठेवायची नाही."

सासूबाई हे मशीन मारता मारता मोठ्याने बोलत होत्या, आणि सून समोरच बसून काजं करत होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मापाबरोबर असं एक नाव चिकटायचंच. सासरे होते तोवर ते मशीनचा पट्टा: सैल पडला की कुरकुर सुरू. मुलगा म्हणजे घडी न बसणारं कापड. स्वतः त्या सुई. "बारीक असेन, पण सरळ आहे!"

कोट न्यायला डॉक्टरीणबाई आल्या. ह्या खळ दिलेली कॉलर, हसल्या तरी मोडायच्या नाहीत. आज मात्र आरशापुढे हात वरखाली करून म्हणाल्या, "बाह्या काय बसल्यात हो! या वयात काय ही नजर!"

सासूबाईंची मान ताठ झाली. "नजर गेली की त्याच दिवशी मशीन विकीन. लोकांच्या कापडाशी खेळ नाही करायचा आपल्याला."

सुनेने मान खाली घालून पुढचं काज घेतलं.

कोटाची घडी घालताना सासूबाईंचं बोट सवयीने काखेतल्या शिवणीवरून फिरलं आणि थबकलं. शेवटाला त्या दोन गाठी मारत, जन्मभर. इथे एकच होती. बारीक, घट्ट.

डॉक्टरीणबाई पायरी उतरल्या तशा त्या सुनेकडे वळल्या.

"काखेत एकच गाठ आहे."

सुनेचा हात थांबला. "आई, डावी बाही उजवीकडे लागली होती."

"आणि याआधी?"

सून काजाचा दोरा गुंडाळू लागली.

"विचारतेय मी!"

"गेल्या थंडीपासून उसवून शिवतेय. तुम्ही मशीन विकलं असतंत. मग दिवसभर घरात तुम्ही... आमची काय धडगत होती?"

सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी नाक ओढून गिळलं. सुनेचा हात ओढून घेतला. तिच्या बोटावरचं, सुई टोचू नये म्हणून घातलेलं पितळी अंगुस्तान त्यांनी चाचपलं. सगळं खळग्याखळग्यांचं झालं होतं.

मग त्या मशीनवरून उठल्या.

"बस इथे. गुंड्या मी लावते, त्याला डोळे लागत नाहीत. आणि गाठी दोन मारायच्या, कळलं? दोरा कसली गं, तू हे अंगुस्तान आहेस. या सुईच्या टोचा खाऊन खाऊन खड्डे पडले, पण बोटाला रक्त येऊ दिलं नाहीस."