अर्ध्या मोराचं गाणं

सुभद्रानं मांडवामागची दोरी ओलांडली आणि ती सरळ भगवंत महाराजांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. भातकुलीचं बाजाराचं मैदान भरत आलं होतं. सोबत आलेली शेजारीण माणिकबाई दोरीपलीकडेच थांबली.

महाराजांनी डोळे न उघडताच हात जोडले.

“बसा, माई.”

“माई कोनाले म्हंता?”

आवाज ओळखून त्यांनी डोळे उघडले. कीबोर्डची वायर जोडत बसलेला नबी उठून बाजूला व्हायला लागला.

“तुमी ऱ्हा, नबीभाऊ,” ती म्हणाली. “चाली तुमच्याच हायेत. तुमीबी आयका.”

ज्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग पडला, त्या वर्षी गावातली दोन माणसं औषध प्याली. त्यातला एक माणिकबाईचा नवरा. भगवंत दिवसभर शेताच्या धुऱ्यावर गप्प बसून राहायचा, आणि त्याची बायको सुभद्रा फवारणीच्या औषधाचा डबा सासऱ्याच्या खाटेखाली लपवून ठेवायची. मग एका सकाळी तो ‘मले आता मोक्ष पाह्यजे’ म्हणून निघून गेला. लोक म्हणाले, जिवंत तर आहे. मोकळ्या कपाळाची माणिकबाई समोर उभी असताना सुभद्रानं चिडायचं कुणावर? तिनं राग गिळला, वखर हाकललं, दोन्ही पोरींना शाळेत घातलं.

काही वर्षांनी अकोल्याहून त्याची सीडी आली. धर्म, अर्थ, काम, मोक्ष. चार पुरुषार्थांची चार गाणी, नबीनं सिनेमाच्या वळणानं बांधलेल्या चालींवर. धर्माचं गाणं देवळात लागू लागलं, मोक्षाचं मयतीच्या घरी. अर्थाचं गाणं बियाण्यांच्या दुकानात वाजे. कामाचं मात्र वरातीत गेलं आणि तिथून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. त्यात एक बाई होती. तिच्या कोपराखाली अर्धा मोर गोंदलेला होता, आणि गाणारा तिला म्हणत होता, तोच हात मला उशाला दे.

लहानपणी गोंदून घेताना सुभद्रा हात ओढून पळाली होती. तसा अर्धा मोर पंचक्रोशीत दुसरा नव्हता. ती भर उन्हाळ्यातही लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागली. तरी परवा पानठेल्यावरच्या एकानं तिच्या हाताकडे बघत ती ओळ म्हटली. थोरली पोरगी सोबत होती. घरी येईपर्यंत पोरगी आईशी बोलली नाही.

“घर सोडलं, पोरी सोडल्या, मले सोडलं,” सुभद्रा म्हणाली. “बरं. मंग माहा हात काहून नेला सोबत?”

“कामसुद्धा पुरुषार्थच आहे,” महाराज संथपणे म्हणाले. “ते गाणं कुणा एका बाईचं नाही. जीव कशात अडकतो ते आधी लोकांना कळावं लागतं. त्याशिवाय मोक्षाची—”

“माह्या पोरीले कळलं ते. रस्त्यात कळलं.”

महाराजांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

“एक सांगा,” ती म्हणाली. “ते गाताना तुमच्या डोळ्यापुढं कोन असते?”

नबी वायरीकडे पाहू लागला. महाराजांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तूच,” भगवंत म्हणाला. “दर खेपेले तूच दिसतं.”

घर सोडल्यापासून तो पहिल्यांदा तिच्या बोलीत बोलला होता. सुभद्रानं सदऱ्याची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

“मंग गाऊ नोका ते. आजपासून नाई गायचं. मोक्ष पाह्यजे ना तुमाले? मंग सोडा मले. पुरं सोडा.”

“भाभी,” नबी हळूच म्हणाला, “पब्लिक उसी गाने के लिए आती है.”

“तुमच्या पब्लिकच्या घरी बायका नाईत का?”

“नाई गात,” भगवंत म्हणाला.

वाटेत तिनं आणखी बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. ते सगळं तसंच राहिलं. ती वळली आणि दोरीखालून बाहेर पडली.

एसटी स्टँड मैदानाला लागूनच होता. गाडी लागलेली होती. माणिकबाई आत जाऊन बसली, तरी सुभद्रा दाराशी उभीच राहिली. मांडवात धर्माचं गाणं झालं, अर्थाचं झालं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. “मोर, मोर,” असा एकच गलका उठला. सवयीनं नबीनं सुरुवातीचे सूर धरलेही. सुभद्रानं दाराचा दांडा घट्ट पकडला.

सूर मध्येच तुटले. गलका वाढला, कुणीतरी खुर्ची आपटली, आणि त्या सगळ्यावरून भगवंतानं मोक्षाचं गाणं उचललं.

“चढा ना, बाई,” कंडक्टर म्हणाला.

ती चढली. माणिकबाईनं सरकून तिला खिडकीपाशी जागा दिली.

“आयकलं त्यानं तुहं,” माणिकबाई म्हणाली. “सुटली तू.”

सुभद्रानं खिडकीची काच जोरानं लोटली. मांडवातला आवाज तरीही येतच होता.

“जनमभर एक गोष्ट नाई आयकली माही,” ती म्हणाली. “अन् आजच आयकाची होती त्याले.”